निशाणी बेचाळीसखालील आदेश

सांगलीच्या कोर्टात दुपारी साडेचारला
मी पेन्सिलीला टोक काढून बसलो.
एका ओळीचं काम होतं:
दावा काढून घेण्यास परवानगी,
नव्यानं दाखल करण्याची मुभा राखून.
आधीच्या साहेबांच्या हाताखाली ही ओळ
इतक्यांदा घेतलीय, की बोटं
हुकमाच्या आधी कागदावर पोचतात.

वादी सातगोंडा बिरनाळे. प्रतिवादी अक्काताई मगदूम.
हरिपूरचं एक हळदीचं पेव,
तोंड ह्याच्या जागेत, पोट तिच्या जागेखाली.
आत हळद नाही. पुराचं पाणी शिरलं तेव्हापासून
नुसता गाळ, आणि गाळावर मालकी.

नऊ वर्षांनी शेडबाळे वकिलांना दिसलं,
दाव्यातल्या चतुःसीमा वरच्या जमिनीच्या.
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस चिंच,
दक्षिणेस मगदूम, उत्तरेस मळी.
खालच्या पोकळीला दिशा कुणी दिल्याच नव्हत्या.
'तांत्रिक दोष, मॅडम.'
समोरच्या वकिलांनी अर्जावर लिहून दिलेलं,
'योग्य तो हुकूम व्हावा', आणि ते
दुसऱ्या कोर्टात गेलेले.

अक्काताई कुणी न विचारता उठल्या.
'चुकीचं त्यानं लिवलं,
आन् नऊ वर्सं बरोबर येळेला मी आले.
एकशेचौदा तारखा.
आता ह्यो जाणार, आन् परत येणार.
जाऊ दे की.
पण का, तेवढं कागदावर येऊ दे.
मला न्हाई येत, सून वाचंल.'

लोहार मॅडमनी पेनचं टोपण लावलं.
मग काढलं.
'घ्या,' म्हणाल्या.

'वकिलांनी दोष असल्याचे सांगितले आहे...'
'खोडा. ते त्यांचं कारण. माझं नाही.'
'न्यायाच्या हिताचा विचार करता...'
'खोडा. हे कुठल्याही कागदावर बसतं.'
मी सवयीनं पुढं 'सबब' लिहून ठेवलेलं.
त्यांनी वाकून बघितलं.
'सबबच्या वर काय आहे?'
वर काहीच नव्हतं.

माझा मामा हरिपुरात पेवं उघडायचा.
माती काढायची, फरशी सरकवायची,
आणि सावलीत पान खात बसायचं, अर्धा दिवस.
घाई केलेले दोघं त्याच्या देखत
आत गेले ते आतच बसले.
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, वर ओढला.
पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला.
हळदीचा व्यापारी वर घड्याळ बघत उभा असायचा,
मामा त्याच्याकडं बघायचासुद्धा नाही.

चौथं वाक्य टिकलं.
दाव्याची मिळकत जमिनीखाली आहे
आणि तिचे वर्णन दाव्यात नाही.
मग भराभर आलं:
असा हुकूमनामा झाला तरी
बेलिफाने उभे कुठे राहायचे, हे कळणार नाही.
नुसत्या दुरुस्तीने का भागत नाही, ते आलं.
पुराव्यातली भोकं बुजवायला हा अर्ज नाही,
हे मी साक्षी वाचून तपासले, तेही आलं.
प्रतिवादीच्या तारखांचा खर्च आधी भरावा,
मगच नवा दावा.
रक्कम ऐकून बिरनाळे उभे होते ते बसले.

सव्वासहा. शिपायानं दोन पंखे बंद केले.
'सबब' आता कुठं खाली उतरला,
आणि त्याच्याखाली ती माझी एक ओळ,
शब्दाला शब्द तीच.

जिन्यात अक्काताईंनी गाठलं.
'किती वळी झाल्या?'
'एकतीस.'
त्या बोटांच्या पेरांवर मोजत राहिल्या.
'वर्साला तीन पडल्या,' म्हणाल्या,
'चार उरल्या.
ऱ्हाऊ द्यात. फुडच्या दाव्याला हुतील.'